बहुरूपीचं मधलं फूल

९ जानेवारी

आज परत चोरी झाली. या आठवड्यातली तिसरी.

सासूबाई चहा घेता घेता थांबल्या आणि म्हणाल्या, मुकुट गेला. कुणी नेला विचारलं तर माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मी कपाट उघडलं, निळी पेटी काढली, झाकण उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. आत हार. खिडकीतून ऊन येत होतं, छतावर ठिपकेच ठिपके नाचले. पण त्या कुठल्या ऐकतायत?

‘‘हा हार आहे. मला काय कळत नाही? मुकुट कुठाय?’’

बसले मग तो बोटभर पेचकस घेऊन. कुणाला सांगून पटायचं नाही, पण हे सगळं मला शिकवलं त्यांनीच! लग्नानंतर महिन्याभरात, याच पलंगावर, दार लावून. पाच फुलं आणि पानांच्या चार पट्ट्या. सगळे हिरे. तारेच्या सांगाड्यावर चढवलं की मुकुट. सांगाडा काढून पट्ट्या एकमेकींत अडकवल्या की हार. हार मधोमध सोडला की दोन ब्रेसलेट. मधलं मोठं फूल सुटं काढून मागे टाचणी बसवली की साडीची पिन. ऐवज एकच, रूपं चार – म्हणून घरात त्याला बहुरूपी म्हणतात. ह्यांच्या पणजीपासून चालत आलंय. फुलांच्या पाठीवर बारीक ओरखडे आहेत, एक, दोन, तीन, चार. मधल्याला ओरखडा नाही. एका फुलाची फिरकी दुसऱ्याला लागत नाही. ‘‘घाई करशील तर आटे मरतील,’’ म्हणायच्या.

पाऊण तास लागला. मुकुट डोक्यावर ठेवून दिला. अंगात उसवलेला स्वेटर, केस पिंजारलेले, आणि तरी काय दिसल्या! आरशात बघून हसल्या. मग चेहरा एकदम उतरला.

‘‘आणि हार? हार कुणी नेला गं?’’

त्यांना सांभाळणारी सिस्टर बाथरूमच्या दारात तोंडावर हात धरून हसत होती. मलाही हसू आवरेना. करायचं काय दुसरं.

११ जानेवारी

सकाळी ब्रेसलेट चोरीला गेले. करून दिले. दुपारी मुकुट चोरीला गेला.

१५ जानेवारी

धाकट्या जाऊबाईंचा फोन. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, वीस मार्च. सगळं सांगून झाल्यावर, अगदी सहज आठवल्यासारखं – ‘‘आणि वहिनी, बहुरूपी तेवढं साफ करून ठेवाल ना?’’

ठेवीन म्हटलं. आणखी काय म्हणणार? घरात येणाऱ्या सुनेला द्यायचं, हाच नियम आहे. मलाही तसंच मिळालं. मला मुलगी एकच, आणि ती जाणारी. तिला कुणी विचारलंही नाही. तिनंही कधी विचारलं नाही – विचारायचं नसतं हे मीच शिकवलंय तिला.

सत्तावीस वर्षांत मी ते तीनदा घातलं. तिन्ही वेळा मान अवघडली. नाकापेक्षा मोती जड, त्यातला प्रकार. पण जोडता मलाच येतं. सासूबाई विसरल्या. धाकटीला त्यांनी कधी शिकवलं नाही. आता हे दिलं की मग या घरात माझ्या हाताला काय येतं, जे दुसऱ्या कुणाला येत नाही? असलं मनात येतं आणि स्वतःचीच लाज वाटते.

२२ जानेवारी

सिस्टर नसती तर मी कधीच हात टेकले असते. आठ महिने झाले तिला. खरं म्हणजे ती नर्स नाही, संस्थेकडून आलेली बाई आहे, पण सगळे सिस्टरच म्हणतात. उंच, हडकुळी, बोलणं कमी. सासूबाई गोळी काही केल्या गिळत नाहीत. ओठ असे मिटतात की पेटीला कुलूप. मी देते तेव्हा गोळी थुंकतात, नाहीतर गालात धरून ठेवतात आणि तासाभरानं उशीच्या खोळीत सापडते. सिस्टर गोळीची पूड करते, साखरेच्या पाण्यात कालवते, आणि स्वतःच्या बहिणीची एक लांबलचक गोष्ट सुरू करते. सासूबाई ऐकता ऐकता तोंड उघडतात. गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. बहीण कधीच स्टेशनवर पोचत नाही.

त्यांच्या चीजवस्तूंच्या जागाही तिलाच माहीत. कवळी फुलदाणीत. बिस्किटं चपलेत. चष्मा – देवच जाणे, पण सिस्टर शोधते.

३० जानेवारी

आज सासूबाईंनी मला ओळखलं नाही. सिस्टरला विचारत होत्या, ही बाई आपल्याकडे काय करते? सिस्टर म्हणाली, दागिने जोडते आजी. ‘‘हां,’’ म्हणाल्या. समाधान झालं.

४ फेब्रुवारी

लिहायला हात धजत नाही. पण दुसरं कुणाला सांगू?

मधलं फूल नाही.

कारागीर यायचे होते साफ करायला. म्हातारे आहेत, बहुरूपी घराबाहेर नेत नाहीत, इथेच बसून करतात. म्हणून मी दुपारी सगळं सुटं करायला घेतलं, सासूबाईंच्याच खोलीत. त्या रडायला लागल्या. ‘‘मोडलं, मोडलं, हिनं मोडलं’’ – लहान पोर रडावं तशा. कशानं थांबेनात. मी मधलं फूल त्यांच्या हातात दिलं. गप्प झाल्या. मुठीत धरून बसल्या. तेवढ्यात खालून हाक आली, कारागीर आले म्हणून. सिस्टर बाथरूममध्ये बादली भरत होती. तिला हाक मारली, लक्ष ठेव गं, आणि खाली गेले.

जिन्यावरून चढायला त्यांना वेळ लागतो. पाणी दिलं, दम खाऊ दिला. दहा मिनिटं झाली असतील. वर आलो तर मूठ उघडी. पेटीत चार फुलं.

सगळे जमले. हे आज सर्दीमुळे घरीच होते, ते आले. पलंग ओढला, चादरी झटकल्या. सिस्टरनं सासूबाईंचे कपडे बदलून एकेक शिवण चाचपून दाखवली. नाही. कारागीर भिंगाची नळी कपाळावर चढवून खुर्चीत बसून राहिले, शेवटी हत्यारांची पिशवी उचलून गेले.

ह्यांनी विचारलं, पेटी उघडी टाकून गेली होतीस का. मी हो म्हटलं.

फूल हातात दिलं होतं, हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं? जीभच वळली नाही. उघडी पेटी ही चूक. आणि भ्रमिष्ट माणसाच्या मुठीत घराण्याचा हिरा देणं याला काय म्हणतात?

५ फेब्रुवारी

चपला. फुलदाणी. उशा उसवल्या. गादी चारी बाजूंनी चाचपली. बाथरूमची जाळी काढून खाली हात घातला, खांद्यापर्यंत. व्हॅक्यूमची पिशवी वर्तमानपत्रावर ओतून चाळणीनं चाळली. दोन गोळ्या, एक बटण, माझीच हरवलेली कानातल्याची फिरकी.

केवढंसं ते – अंगठ्याच्या नखाएवढं.

६ फेब्रुवारी

भाऊजी आणि धाकटी आले. दिवाणखान्यात बसलो. चहा तसाच गार झाला.

धाकटी आवाज चढवत नाही, तेच तिचं वाईट. शांतपणे मोजलं तिनं. खोलीत कोण होतं? आई. आईंचं सोडून द्या. मग कोण राहिलं? भाऊजी म्हणाले पोलीस. हे म्हणाले नको, घराची शोभा होईल, आईला चौकशा सोसणार नाहीत. शेवटी ठरलं – तिला काढायचं आणि संस्थेला कळवायचं. संस्थेला कळवलं की तिला पुन्हा कुणी घरात घेणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोललं नाही.

बोलावलं तिला. ती उभी राहिली, ओल्या हाताची बोटं ओढणीला पुसत. धाकटीनं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘मी घेतलं नाही.’’ एकदाच. भांडली नाही, रडली नाही, शपथा घेतल्या नाहीत. धाकटी नंतर म्हणालीसुद्धा, खरी असती तर अशी गप्प राहिली असती का?

आणि मी? मूग गिळून बसले. फूल मी दिलं होतं, त्यांच्या मुठीत होतं, त्यांनीच कुठंतरी टाकलं असणार – एवढं वाक्य. तीनदा घशाशी आलं. धाकटीच्या तोंडाकडे बघितलं की परत खाली जायचं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच कोणी नाही.

७ फेब्रुवारी

गेली. एक कापडी पिशवी, तीही धाकटीच्या मोलकरणीनं उघडून बघितली. ह्यांनी फाटकापर्यंत जाऊन तिच्या हातात पाकीट दिलं, दोन महिन्यांचा पगार असावा. तेवढं माणूसपण ह्यांच्यात आहे. मी वरच्या खिडकीतून बघत होते. खाली जायला हवं होतं.

८ फेब्रुवारी

‘‘चोरी झाली,’’ सासूबाई म्हणाल्या.

मी पेटी काढायला उठले.

‘‘ते नव्हे. माझी बाई नेली.’’

१० फेब्रुवारी

नवीन बाई आली. दोन दिवसांत गेली – सासूबाई चावल्या. तिसरी उद्या येणार आहे.

खात नाहीत. सूप दिलं तर चमचा ढकलतात. मी सिस्टरची गोष्ट सांगून बघितली, बहीण घरातून निघाली, तिनं छत्री घेतली... मला पुढचं नीट आठवेना. त्यांनी तोंड फिरवलं.

१३ फेब्रुवारी

एक गोष्ट मात्र बघून ऊर भरून आला. हे आईजवळ बसायला लागलेत. ऑफिसला उशिरा जातात. केळं कुस्करून, दुधात घालून, स्वतः भरवतात. दोन चमचे का होईना, ह्यांच्या हातून घेतात त्या. आणि – मला हे खरंच वाटलं नव्हतं – त्यांचं शौचाचं भांडंसुद्धा हे स्वतः उचलतात. बाईला हात लावू देत नाहीत. मी पुढे झाले तर म्हणाले, ‘‘राहू दे. माझी आई आहे. माझं मी बघतो.’’

सत्तावीस वर्षांत या माणसानं स्वतःचा कप उचलून ठेवलेला मी पाहिला नाही. माणूस कुठे लपलेला असतो आणि कधी बाहेर येतो, काही सांगता येत नाही.

१६ फेब्रुवारी

धाकटीचा फोन. कारागीर तसंच दुसरं फूल घडवून देतील का, विचारा. विचारलं. ते म्हणाले, घडवायला घडवीन, पण असे जुन्या घाटाचे हिरे आता पाडत नाहीत. नवं फूल त्या चौघांत पाहुणं दिसेल. तरी वीस तारखेच्या आत जमवतो.

१९ फेब्रुवारी

पोट दुखतं म्हणतात. म्हणजे म्हणत नाहीत, पोटावर हात दाबून धरतात आणि कण्हतात. घरच्या डॉक्टरांना बोलवू का विचारलं. हे म्हणाले दोन दिवस बघू, खात नाही म्हणून गॅस धरलाय. मलाही तसंच वाटलं.

२१ फेब्रुवारी

अंग तापलंय. पोट फळीसारखं. मी ह्यांना न विचारता गाडी बोलावली.

२२ फेब्रुवारी

काल दुपारी पोटाचा एक्स-रे काढला. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. काचेवर लावला, दिवा लावला.

काळ्यात पांढरं फूल. पाच पाकळ्या मोजता आल्या. मागचा दांडासुद्धा.

गोळी न गिळणारी बाई! आम्ही चपला शोधल्या, गटार शोधलं. आणि ते सगळा वेळ त्यांच्या आत, आमच्यासमोर, त्याच पलंगावर.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे किती दिवसांपासून? मी दिवस मोजले. सतरा. त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘‘पहिल्याच दिवशी आणलं असतंत तर तोंडातून नळी घालून काढता आलं असतं. कापायची गरजही पडली नसती. अर्ध्या तासाचं काम.’’

हे माझ्या मागे उभे होते. खाली बसले, तिथेच, फरशीवर. शिपायानं खुर्ची आणली तरी उठेनात.

आतडं फाटलंय. ऑपरेशन केलं तर वाचण्याची खात्री नाही, नाही केलं तर वाचणारच नाहीत. ह्यांनी एकच धरलं – आईला कापायचं नाही. ओरडले जवळजवळ. कधी ओरडत नाहीत. भाऊजी म्हणाले, मग काय अशीच मरू द्यायची? धाकटी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. कापलं तर लग्नाच्या आत फूल हाती येईल, हे तिच्या मनात असावं असं वाटलं. मग वाटलं, माझ्याही मनात ते क्षणभर आलं होतंच की.

शेवटी सही झाली. भाऊजींनी केली.

२४ फेब्रुवारी

अतिदक्षता विभाग. दोन मिनिटं आत सोडतात. तोंडात नळी. हात धरला तर बोटं हलली – बारीक काहीतरी फिरवत असल्यासारखी, उजवीकडून डावीकडे. मला फिरकीच आठवली. कदाचित तसं काही नसेल.

२५ फेब्रुवारी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेल्या. मी बाहेर बाकावर होते. मुलीला फोन लावत होते, लागत नव्हता.

२६ फेब्रुवारी

माणसं. माणसं. चहा. माणसं.

२८ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या काउंटरवर तीन कागद सह्या करायला दिले. तिसरा म्हणजे पावती – ‘‘रुग्णाच्या शरीरातून काढलेली वस्तू, नग एक.’’ प्लास्टिकची पिशवी, वर त्यांचं नाव आणि वय. मी पर्समध्ये ठेवली, रुमालाखाली. रिक्षात पर्स मांडीवर घ्यायची भीती वाटली.

धाकटी आली होती संध्याकाळी. फूल बघितलं, हात लावला नाही. म्हणाली, लग्न पुढे ढकललंय, सहा महिने. मग म्हणाली, ‘‘वहिनी, ते आता आमच्याकडे नको. नवी मुलगी आहे, तिला कळलं तर... तुमच्याकडेच राहू द्या.’’

दीड महिना मी हे जाणार म्हणून झुरले. आता मिळालं. घ्या!

२ मार्च

कारागीर आले. फूल पाण्यात, मग कसल्याशा द्रावणात घातलं, मऊ ब्रशनं साफ केलं. भिंग लावून फिरवून फिरवून पाहिलं. एकही हिरा हललेला नाही म्हणाले. फक्त मागचा दांडा वाकलाय. कसा वाकला विचारलं.

पडलं, मी म्हटलं.

त्यांनी भिंग काढून माझ्याकडे बघितलं. ‘‘पडून असा वाकत नाही बाई.’’ पण पुढे विचारलं नाही. चिमट्यानं दांडा सरळ केला, पाचही फुलं चढवली, पेटी बंद करून माझ्या हातात दिली. नव्या फुलासाठी आणलेले हिरे कागदाच्या पुडीत होते, ते परत खिशात घातले.

४ मार्च

आज सांगितलं ह्यांना. गिळून गिळून किती दिवस राहणार.

दुपारची वेळ. सासूबाईंच्या खोलीतली औषधं पिशवीत भरत होतो. मी म्हटलं, ते फूल मी त्यांच्या हातात दिलं होतं. मी स्वतः. पेटी नुसती उघडी नव्हती. त्याच दिवशी हे बोलले असते तर कुणाला तरी सुचलं असतं की तोंडात घातलं असेल. डॉक्टर म्हणाल्या ना, अर्ध्या तासाचं काम. मीच मारलं त्यांना. आणि त्या बाईला चोर ठरवलं, तेही मीच.

एका दमात बोलले. वाटलं, आता काहीही म्हणोत, निदान ओझं उतरलं.

हे बराच वेळ हातातल्या बाटलीवरचं लेबल वाचत राहिले. मग म्हणाले, ‘‘झालं ते झालं. आता उगाळून काय होणार.’’

रागावले नाहीत. जवळ आले, पाठीवर हात ठेवला. मी रडले. असा नवरा मिळायला भाग्य लागतं असं तेव्हा वाटलं. पण ओझं काही उतरलं नाही. उलट ते आता दोघांनी पाहिलंय, एवढंच.

७ मार्च

सिस्टरला शोधायचं ठरवलं. तिला सांगायला हवं, तोंडानं, समोर उभं राहून. संस्थेत फोन केला. ती आमच्याकडे नाही, म्हणाले. त्यांना सगळं सांगितलं – फूल सापडलं, कसं सापडलं, तिची चूक नव्हती. तिकडची मुलगी म्हणाली, नोंद करून घेते मॅडम. पेनचा आवाजही आला नाही.

पत्ता मात्र दिला.

९ मार्च

पत्त्यावर गेले. तीन मजले, अरुंद जिना, प्रत्येक मजल्यावर दोऱ्यांवर कपडे. तिच्या खोलीला कुलूप. शेजारीण दारात शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, खोली सोडली तिनं. कुठे गेली? काय माहीत. तिच्या कामाच्या ठिकाणी काहीतरी झालं म्हणे. मग मला वरपासून खालपर्यंत बघून – ‘‘तुम्ही तिथल्याच का?’’

मी म्हटलं, नाही. ओळखीची आहे.

किती सहज येतं आता!

१० मार्च

ह्यांना सांगितलं, तिला शोधतेय म्हणून. म्हणाले, कशाला? पैसे दिलेत आपण तिला. मी म्हटलं पैशाचं नाही, माफी मागायचीय. म्हणाले, तिच्या जखमेवरची खपली काढशील फक्त. तेही खरं असेल. पण मला झोप लागत नाही.

१२ मार्च

शेजारणीकडे परत गेले. यावेळी खरं सांगितलं. ती उठली. मग आतून एक नंबर आणून दिला. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. चारदा.

१३ मार्च

बहुरूपी उघडलं. सवयीनं हात चालले – सांगाडा काढला, पट्ट्या अडकवल्या, हार केला. मग सोडून ब्रेसलेट केले. खोलीत कुणी नाही. ‘‘मुकुट कुठाय’’ विचारणारं कुणी नाही. सुटंच ठेवून दिलं. ही विद्या आता कुणाला शिकवणार? मुलीला विचारलं फोनवर. ती म्हणाली, आई, ते तू विकून टाक ना. लहान असताना याच दागिन्यासाठी रुसून बसायची ती.

१५ मार्च

सिस्टरचा फोन आला. आपणहून. आवाज तसाच, कमी बोलणारा. आजी कशा आहेत, हेच पहिलं विचारलं. सांगितलं. मग म्हणाली, परवा या. एका दवाखान्यात सफाईचं काम लागलंय, जेवणाच्या सुट्टीत बाहेर येते.

१७ मार्च

दवाखान्याच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसलो. तिनं डबा उघडलाच नाही. मी माफी मागितली. फूल मी हातात दिलं होतं, ते सांगितलं. मी तेव्हा बोलले असते तर आजी वाचल्या असत्या, तुझीही नोकरी गेली नसती, म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, काही कळत नसल्यासारखी.

‘‘वहिनी, तुम्हाला साहेब बोलले नाहीत? मी बाथरूममधून आले तेव्हा आजींनी फूल तोंडात टाकलं होतं. बोट घालेपर्यंत गिळलं. साहेब बाहेरच उभे होते, त्याच मिनिटाला त्यांना सांगितलं. ते म्हणाले, भावाला कळलं तर लग्नाच्या आत आईचं पोट फाडायला लावतील. कुणाला बोलू नकोस. दोन-तीन दिवसांत आपसूक पडेल, मग मी सगळ्यांना खरं सांगतो.’’

घरी आले. हे सासूबाईंच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते.

‘‘सापडली का ती?’’

‘‘नाही,’’ म्हटलं.